'शेजारी' आणि वऱ्हाडचा प्रेक्षक

अकोल्याहून उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटर गेले म्हणजे काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश सरत येतो आणि सातपुड्याची निळसर रांग समोर उभी राहते. त्या रांगेच्या पायथ्याशी अकोट हे तालुक्याचे गाव वसले आहे. गाव कापसाचे; त्याचे सुगीचे दिवस वेचणीवर आणि व्यापाऱ्याच्या भावावर अवलंबून. गावाच्या उत्तरेस डोंगरावर नरनाळ्याचा किल्ला आहे. त्याच्या मुख्य दरवाज्यास लोक महाकाली दरवाजा म्हणतात. त्या दरवाज्यावर इ. स. १४८७ चा अरबी लेख कोरलेला आहे आणि त्याच लेखाच्या सोबतीला दगडात कमळेही कोरलेली आहेत. नाव देवीचे, अक्षरे अरबी आणि फुले कमळाची अशी ही तिन्ही पाचशे वर्षांहून अधिक काळ एका चौकटीत नांदत आली आहेत.

बोलपट नवा होता त्या काळी अशा तालुक्याच्या गावांना फिरत्या सिनेमाची वाट पाहावी लागे. पुण्या-मुंबईच्या चित्रगृहांत महिनोन्‌महिने चाललेला बोलपट बैलगाड्यांच्या वाटेवरील गावी पोहोचे तो उशिराने, आणि फीत झिजून तिच्यावर पावसासारख्या रेघा पडू लागल्यावर. तंबू उभा राही, यंत्राची धडधड सुरू होई, आणि यंत्र एकच असले म्हणजे एक रीळ संपून दुसरे चढविले जाईपर्यंत सारा तंबू अंधारात थांबे. एक हजार फुटांचे रीळ अवघे अकरा मिनिटे चाले. तेव्हा पूर्ण लांबीचा बोलपट पाहावयाचा म्हणजे दहाबारा वेळा थांबून पुन्हा कथेत शिरावयाचे. तरीही जमिनीवर बसलेला प्रेक्षक उठत नसे. दिवसभर वेचणी करून ज्यांची बोटे बोंडांनी ओरबाडलेली असत, ती माणसे पैसे मोजून तेथे बसत, आणि हसण्यासाठी जितकी येत तितकीच रडण्यासाठीही येत.

हे कोडे साधे नाही. ज्याच्या घरी दुःखाला तोटा नाही, त्याने दुसऱ्याचे दुःख पाहावयास का जावे? तेही थोडक्यात आटोपणारे नव्हे, तर दोनदोन तीनतीन तास चालणारे. आणि एका नायकाचे नव्हे, तर अख्ख्या गावाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास ते बोलपटाच्या जन्मापाशी सापडत नाही. त्यासाठी विदर्भाच्याच मातीत बरेच मागे जावे लागते.

आठव्या शतकातील नाटककार भवभूती याने आपले कुळ विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे स्वतःच सांगितले आहे. करुण हाच मूळ रस असून पाण्याचे जसे भोवरे, बुडबुडे आणि लाटा होतात तसे इतर रस हे त्याचेच आकार होत, हा विचार त्याच्या 'उत्तररामचरिता'त आलेला आहे. परंतु त्याहून अधिक विचार करण्याजोगी आहे ती त्या नाटकाची रचना. पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण हे आपल्याच गतायुष्याची भिंतीवर काढलेली चित्रे पाहतात. जे घडून गेले ते चित्रात पाहताना त्यांस पुन्हा रडू येते. 'हे चित्र आहे' अशी एकमेकांची समजूत घालावी लागते. शेवटच्या अंकात तर गंगेच्या तीरावर वाल्मीकीने रचलेले नाटकच करून दाखविले जाते. प्रेक्षकांत स्वतः राम आहे, आणि त्याच्यासोबत अयोध्येचे नागरिक आणि खेड्यापाड्यांतील प्रजाजन आहेत. म्हणजे ज्या लोकांच्या कुजबुजीमुळे सीतेस वनवास घडला तेच लोक. नाटकात सीतेचे हाल पाहून राम मूर्च्छित पडतो. पुढे खरीखुरी सीता समोर येते, अरुंधती प्रजाजनांस तिच्याविषयी विचारते, आणि ज्यांनी तिला दोष दिला होता ते सारे तिला नमस्कार करतात.

मूळ रामकथेचा शेवट असा सुखाचा नाही. भवभूतीने तो बदलला आणि बदलण्याचे साधन म्हणून नाटकच वापरले. पुष्कळ माणसांनी एकत्र बसून एखाद्याचे दुःख अथपासून इतिपर्यंत पाहिले, तर ती माणसे त्याचे न्यायाधीश राहत नाहीत, त्याचे शेजारी होतात, असा त्याचा विश्वास दिसतो. दीर्घ करुणकथेच्या गोडीचे मर्म याहून नेमके कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. पुढील सारा इतिहास म्हणजे या एका विचाराचीच परीक्षा होय.

भवभूतीचे संस्कृत वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या कानी पडले नसेल. परंतु रात्रभर एकत्र बसून ऐकण्याची आणि पाहण्याची सवय त्याच्या हाडीमाशी होती. दंडार असो, खडीगंमत असो, भारूड असो की कीर्तन, ही घाईची कामे नव्हेत. अकोटच्या पूर्वेस असलेल्या अंजनगाव सुर्जीच्या परिसरातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनास उभे राहत तेव्हा समोरच्या माणसास प्रश्न विचारीत, त्याचेच उत्तर त्याच्या पदरात घालीत, हसवता हसवता रडवीत आणि रडवता रडवता कर्जाचे, दारूचे आणि शिवाशिवीचे खापर ज्याच्या त्याच्या माथी नेमके फोडीत. ऐकणाऱ्यांत सावकार असे आणि त्याचे कूळही असे. मंडळी जाग्यावरून हलत नसे, याचे कारण बाबांच्या कीर्तनात गावातला प्रत्येक जण कोठे ना कोठे येऊन जाई. सर्वांचे दर्शन घडावयाचे तर वेळ हा लागावयाचाच.

मराठी रंगभूमीनेही लांबीचा संकोच कधी धरला नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासून, आणि विशेषतः १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यास रंगभूमीवर आल्यापासून, नाटक रात्री सुरू व्हावे आणि पहाटेच्या सुमारास संपावे हा परिपाठ पडला. नाटक मंडळ्या अमरावती, अकोला, खामगाव असा वऱ्हाडचा दौरा करीत, कारण कापूस विकला गेल्यावर येथील लोकांच्या हाती पैसा खुळखुळत असे. वऱ्हाडने या रंगभूमीस नुसते प्रेक्षक दिले असे नव्हे. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि त्यांचेच १९२७ सालचे 'रणदुंदुभी' यांनी ती गाजविली.

परंतु रडविण्याच्या बाबतीत 'एकच प्याला'ची बरोबरी दुसऱ्या कोणत्या नाटकास करता आली नाही. राम गणेश गडकरी यांनी आजारपणाचे अखेरचे दिवस नागपूरजवळ सावनेर येथे काढले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. त्यानंतर महिन्याभराच्या आतच गंधर्व नाटक मंडळीने ते नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. बालगंधर्व सिंधू झाले आणि गणपतराव बोडस सुधाकर. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व फाटक्या लुगड्यात उभे राहिले आणि प्रेक्षागृहात हुंदके ऐकू येऊ लागले.

या नाटकात एकट्या सुधाकराचीच कथा नाही. त्यात सिंधू आहे, तिचा भाऊ पद्माकर आहे, मित्र रामलाल आहे, बालविधवा शरद आहे, तळीराम आणि त्याची गीता आहे, भगीरथ आहे. एका प्याल्याने किती घरांच्या भिंती ओल्या होतात हे दाखवावयाचे म्हणून गडकऱ्यांस इतकी माणसे लागली. एकट्या दारुड्याची गोष्ट ऐकून प्रेक्षक म्हणाला असता, 'वाईट माणूस.' इतक्या माणसांतून त्याच्याकडे पाहिल्यावर तसे म्हणणे त्यास जड जाते. पुष्कळ पात्रांच्या नाटकाचा हा पहिला गुण होय. ते निवाडा लांबणीवर टाकते, आणि निवाडा लांबला की समज वाढते.

चित्रपट जन्मला तो आखूड होता. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट भरे. परंतु १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या चित्रपटाने मराठीस बोलावयास शिकविले आणि नाटकाचे सारे ओझे, गाणी, स्वगते आणि पात्रांचा गोतावळा, हळूहळू चित्रपटाच्या खांद्यावर आले. ओझे आले तसा वारसाही आला. रात्रभराचे नाटक आता दोन-सव्वादोन तासांत बसवावयाचे होते. पण प्रेक्षकाची भूक मात्र रात्रभराचीच होती.

ही भूक ओळखणारी संस्था प्रभात ही होय. १९२९ साली कोल्हापुरास ती स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्यास आली. तिच्या संस्थापकांत व्ही. शांताराम यांच्याबरोबर विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघे होते. दोघेही बाबुराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले. प्रभातच्या चित्रपटांचे कलादिग्दर्शन फत्तेलाल यांच्याकडे आणि ध्वनिलेखन दामले यांच्याकडे असे. दोघांनी मिळून १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. तो मुंबईस एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहूचे ते विठ्ठलवेडे गाव पडद्यावर उभे करण्यात एका मुसलमान कलावंताचा हात होता; आणि ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे असे त्या दोघांपैकी कोणासही तेव्हा वाटले नसावे, इतकी त्यांची जोडी एकजीव झाली होती. लोक त्यांची नावे तोडून घेतच नसत. दामले-फत्तेलाल असे एकाच श्वासात म्हणत.

याच प्रभातमधून १९४१ साली 'शेजारी' बाहेर पडला. दिग्दर्शन शांताराम यांचे, आणि प्रभातसाठी त्यांनी केलेला तो अखेरचा चित्रपट. कथा विश्राम बेडेकरांची, संगीत मास्तर कृष्णरावांचे, गीते शांताराम आठवले यांची. या चित्रपटाचे वऱ्हाडशी जवळचे नाते आहे. कथाकार बेडेकर १९०६ साली अमरावतीस जन्मले, आणि त्यात मिर्झाची भूमिका करणारे गजानन जागीरदार हेही १९०७ साली अमरावतीसच जन्मले. एकाने शेजारधर्माची कथा लिहिली आणि दुसरा त्या कथेतला मुसलमान शेजारी झाला. दोघे ज्या गावी जन्मले तेथे गणपतीची मिरवणूक आणि ताजियांची मिरवणूक एकाच रस्त्यांवरून जात असत.

कथा सांगावयास सोपी आहे. एका खेड्यात जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन वृद्ध शेजारी राहतात. दोघांची मैत्री जन्माची. दोघांमध्ये बुद्धिबळाचा पट मांडलेला असतो आणि त्या पटावर दोन्ही घरांचे सुखदुःख सरकत असते. गावाजवळ धरण बांधावयाचे ठरते. जमिनी द्यावयास गाव तयार नाही. गाव वाकत नाही तो या दोन म्हाताऱ्यांच्या एकीमुळे, हे धरणवाल्यांच्या ध्यानी येते आणि मग त्या एकीतच पाचर मारली जाते. संशय येतो, बोलणे खुंटते, गाव दुभंगते. अखेर धरण फुटते आणि त्या प्रलयात दोन्ही मित्र एकमेकांचा हात धरून जातात. जिवबाची भूमिका केशवराव दाते यांनी केली होती. महाराष्ट्र नाटक मंडळीच्या रंगभूमीवर घडलेला हा नट एका शब्दाच्या उच्चारात पाटलाचा सारा मानीपणा उभा करी.

'पडोसी' या नावाने याचीच हिंदी आवृत्ती निघाली. तिच्यात एक विशेष योजना होती. तेथे हिंदू ठाकूर झाले ते मजहर खान, आणि मुसलमान मिर्झा झाले ते पुन्हा जागीरदारच. मुसलमान नटाने हिंदूचे आणि हिंदू नटाने मुसलमानाचे दुःख भोगून दाखवावयाचे, ही ती योजना. प्रेक्षकास हे पडद्यावर कोणी समजावून सांगत नसे. श्रेयनामावलीत नावे वाचून ज्याचे त्याने समजावयाचे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. असा चित्रपट माणसास का धरून ठेवतो?

पहिले कारण वेळ हे होय. ओळख ही गोष्ट घाईने होत नाही. 'शेजारी'त भांडण लवकर येत नाही. आधी दोघांचा पट, दोघांचे रुसवे, दोन्ही घरांतील लेकरे, गावचे चांदण्यातील नाचगाणे हे सारे निवांतपणे येते. केवळ कथानकाचा हिशेब करणारा म्हणेल की यातील निम्मे कापले तरी चालेल. परंतु ते कापले तर पुढे पट उधळला जातो तेव्हा केवळ सोंगट्या सांडतील. प्रेक्षकाच्या मनातले काही सांडणार नाही. जे मोडावयाचे ते आधी नीट बांधावे लागते, आणि बांधण्यास वेळ लागतो. लांबी ही अशा कथेची उधळपट्टी नसून तिचे भांडवल आहे.

दुसरे कारण माणसांची गर्दी. एका नायकाच्या कथेत प्रेक्षकास एकच जागा मिळते. ती त्यास बसली तर बसली. अख्ख्या गावाच्या कथेत मात्र प्रत्येकास आपापले ओटे सापडतात. म्हातारा जिवबाच्या ओट्यावर बसतो, तरुण त्याच्या मुलाच्या बाजूने उभा राहतो, बायका घरात अडकलेल्या सुनांचे आणि लेकींचे मन ओळखतात. एकाच तंबूत चार माणसे चार निरनिराळ्या ठिकाणी रडतात, आणि तरी ती एकत्रच रडलेली असतात. घरी परतताना बाप आणि लेक याच गोष्टीवरून वाद घालतात की चूक कोणाची. त्या वादात प्रत्येक जण पडद्यावरच्या माणसांविषयी बोलत असतो, आणि त्या आडून आपल्याच घराविषयीही.

तिसरे कारण शेवटच्या आघाताचे. अनेक धाग्यांची कथा एका साध्या युक्तीने मिटविता येत नाही. तिला असे काही लागते की जे सर्वांच्या डोक्यावर एकदमच कोसळेल. 'शेजारी'त ते काम पाण्याने केले. पुरात पाटील आणि मिर्झा असा भेद राहत नाही. ज्याच्या हातास हात लागेल तो आपला.

येथे एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. १९९९ साली पॉल टॉमस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाने 'मॅग्नोलिया' नावाचा तीन तासांहून मोठा चित्रपट केला. लॉस एंजेलिसच्या एका उपनगरात एका दिवसात घडणारी ती कथा. मरणाला टेकलेले बाप, दुरावलेली मुले, एक एकाकी पोलीस, प्रश्नोत्तरांच्या खेळात पिळून निघणारा एक बुद्धिमान पोरगा, अशी कितीतरी माणसे तीत आपापल्या घरात कोंडलेली आहेत. त्या शहरात ओटा नाही, पार नाही, आणि बुद्धिबळाचा पट मांडून बसावे असा शेजारीही नाही. शेवटी आकाशातून बेडकांचा पाऊस पडतो. तो सर्वांच्याच छपरांवर पडतो आणि ती परस्परांस न ओळखणारी माणसे एकाच वेळी वर पाहतात. कित्येक प्रेक्षकांस हा शेवट चमत्कारिक वाटला. परंतु धरण फुटताना ज्याने पाहिले आहे त्यास तो फारसा परका वाटू नये. खेड्याच्या कथेत पाणी शेजाऱ्यांस पुन्हा एकत्र आणते. शहराच्या कथेत मुळात शेजारीच नसलेल्यांस बेडकांचा पाऊस क्षणभर शेजारी करून जातो.

दीर्घ चित्रपटाचा काळ मध्यंतरी काहीसा आखडला. दुसऱ्या महायुद्धात कच्ची फीत दुर्मिळ झाली तेव्हा सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणून बांधली, म्हणजे जेमतेम दोन तास. युद्ध संपले, बंधन सुटले आणि चित्रपट पुन्हा लांबले. प्रेक्षकाने आखूडपणाची सवय लावून घेतली नाही, यावरून ती केवळ निर्मात्यांची हौस नव्हती हे दिसते. १९५३ सालच्या आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ने सबंध महाराष्ट्रास रडविले आणि उत्कृष्ट चित्रपटास देण्यात आलेले पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविले. २००१ साली आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान' आला तो तर साडेतीन तासांहून अधिक. त्यातही एक गाव, त्यातील कुंभार, लोहार, वैद्य, अस्पृश्य गणला गेलेला कचरा आणि मुसलमान इस्माईल यांच्यासह अकरा जणांचा संघ. ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत तो पोहोचला. कालमान बदलले तरी गावातील प्रत्येकास जागा देणारी ती जुनी कथा लोकांस अजून हवी आहे.

परंतु या गोडीवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. अश्रू स्वस्त असतात. तंबूत जिवबा-मिर्झासाठी रडलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या एका तासावरून सख्ख्या भावावर फिर्याद गुदरावयास तालुक्यास जातो. रडण्याने मनाचा भार हलका झाला, की काही करावयाची निकडही हलकी होते, असे आक्षेपक म्हणतात. आणि इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो असे वरवर दिसते. मार्च १९४० मध्ये लाहोरास मुस्लिम लीगने वेगळ्या राज्यांचा ठराव केला. पुढच्याच वर्षी 'शेजारी' आला. हजारोंनी तो पाहिला, हजारो रडले. सहा वर्षांनी देशाची फाळणी झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांच्या जिवावर उठले. मग त्या अश्रूंचे फळ काय?

या प्रश्नास आढ्यतेने उत्तर देता येणार नाही. चित्रपटाने फाळणी थांबली नाही. थांबणे शक्यही नव्हते. गंगातीरी भवभूतीने प्रजाजनांस सीतेपुढे नमविले ते नाटकात. नाटकाबाहेरील प्रजा नाटककाराच्या हाती नसते. तरीही दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली अशी की 'शेजारी'ने आपल्या प्रेक्षकास खोटे आश्वासन दिले नव्हते. त्यात म्हातारे समेट करून सुखाने नांदू लागत नाहीत. ते उशिरा शहाणे होतात, आणि उशीर म्हणजे मरण, हेच त्या शेवटाचे सांगणे आहे. १९४१ साली सांगितलेली ती गोष्ट १९४७ साली खोटी ठरली नाही. दुर्दैवाने खरी ठरली. ज्यांनी तो चित्रपट पाहिला होता त्यांस 'हे असे होईल हे आम्हांस कोणी सांगितले नाही' असे म्हणण्याची सोय त्याने ठेवली नाही.

दुसरी गोष्ट अधिक धीर देणारी आहे. शेजारधर्म चित्रपटाने निर्माण केला नव्हता. तो आधी होता म्हणून चित्रपट निघाला. ज्या आवारात 'शेजारी' तयार झाला तेथे दामले आणि फत्तेलाल वर्षानुवर्षे एकमेकांच्या खांद्यास खांदा लावून काम करीत होते. १९४५ साली दामले वारले, पुढे प्रभातचीही उतरती कळा झाली; पण त्या दोघांची नावे अद्याप कोणी तोडून घेत नाही. चित्रपटाचे काम एवढेच की जे रोज घडते आणि रोजचे म्हणून दिसत नाही, ते अंधारात बसवून एकदा नीट दाखवावयाचे. आरसा पाहिल्याने तोंड धुतले जात नाही हे खरे. पण आरसाच नसला तर धुवावयाचे कोठे हेही कळत नाही.

अकोटच्या पंचक्रोशीस हा प्रश्न पुस्तकातला नाही. २०१० नंतरच्या वर्षांत मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील गुल्लरघाट, केलपाणी यांसारखी गावे डोंगरावरून उठवून अकोट तालुक्याच्या सपाटीवर आणून वसविण्यात आली. जंगलात वाढलेली कोरकू कुटुंबे काळ्या जमिनीवर उतरली. 'शेजारी'तील गावाप्रमाणेच जमीन सोडण्याचे दुःख त्यांनी भोगले. पाणी, शेत आणि पोटापाण्याची सोय यांविषयीच्या त्यांच्या तक्रारी पुष्कळ गाजल्या. त्यांची भाषा वऱ्हाडीहून निराळी, त्यांचे सणवार निराळे. या तालुक्यास नवे शेजारी मिळाले आहेत. त्यांची गोष्ट अथपासून इतिपर्यंत ऐकून घेण्यास लागणारा वेळ जुन्या रहिवाशांजवळ आहे की नाही, यावर पुढील पिढीचे नांदणे ठरावयाचे आहे.

तंबूतील फिरते सिनेमे आता वऱ्हाडच्या वाटांवरून नाहीसे झाले. ज्याचा त्याचा चित्रपट ज्याच्या त्याच्या तळहातावर आला. कंटाळा आला की बोटाने पुढे सरकविण्याची सोय झाली. त्यामुळे सुख वाढले असेल, परंतु एक गोष्ट गेली. रीळ संपून दिवा मालवल्यावर अंधारात जे थांबावे लागे, त्या थांबण्यात शेजारच्या माणसाचा हुंदका ऐकू येत असे. तो कोणाचा, हिंदूचा की मुसलमानाचा, कुळाचा की सावकाराचा, हे अंधारात कळत नसे. कळावे अशी कोणास इच्छाही होत नसे. पुढचे रीळ चढेपर्यंतची ती दोन मिनिटे चित्रपटात कोठेच नव्हती, आणि प्रेक्षक तंबूतून घरी जी शिदोरी नेई तिच्यात बहुधा तीच सर्वांत अधिक टिके.